'खाली उतरून दाखव' असं आम्हाला म्हणू नका

प्रति,
यवतमाळ जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांचे पाळक, सुवार्तिक आणि पंच यांना,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

उपवासकाळ लागला की उत्तम शुक्रवारच्या सात शब्दांची, म्हणजे वधस्तंभावरून प्रभूने काढलेल्या सात उद्गारांची, बोलण्यासाठी वाटणी होते. दुपारी बारा ते तीन, सात जण, पंधरा-वीस मिनिटं एकेकाला. यंदा चौथा शब्द माझ्या नावावर लावला आहे: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' मी त्यावर बोलणार नाही. तोंडी कळवलं असतं तर 'खजिनदारसाहेब रुसले' एवढ्यावर विषय मिटला असता, म्हणून लिहून कळवतो. आणि गोष्ट एका मंडळीपुरती नाही, म्हणून सगळ्यांसमोर कळवतो.

मी कोण ते थोडक्यात. चार एकर कोरडवाहू, आणि रविवारच्या दानपेटीतली चिल्लर मोजायचं काम. शास्त्र शिकलो ते बापाकडून, बाप शिकला खिडकीतून. यवतमाळात 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, तिथे तो माळी होता. मेंदीचं कुंपण छाटता छाटता आतला वर्ग ऐकायचा. समजायचं थोडं, लक्षात राहायचं पुष्कळ. 1983 साली सेमिनरी पुण्याला गेली, बाप इथेच राहिला. ग्रीकचे चार-पाच शब्द त्याच्या तोंडी मरेपर्यंत होते, ते तो बैलांवर वापरायचा. तेव्हा माझं शास्त्र कच्चं आहे असं कोणी म्हणालं तर माझी ना नाही.

आता चौथ्या शब्दावर मी का बोलणार नाही त्याबद्दल.

2017 च्या पावसाळ्याअखेर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, माणसाच्या डोक्याला लागली होती. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने, अळी लागणार नाही म्हणून घेतलेल्या बीटी बियाण्याचा भरवसा मोडला आणि जो तो फवारणीच्या मागे लागला. माझा पुतण्या चौतीस वर्षांचा. स्वतःचं वावर नाही, दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारायचा. पाठीवर पंप, नाकाला रुमाल, बस. पीक उंच असलं की फवारा वर मारावा लागतो आणि वारा फिरला की तो आपल्याच तोंडावर येतो. संध्याकाळी घरी आला तेव्हा म्हणाला, डोळ्यापुढं धुरकट दिसते. रात्री उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी गेला. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यातला एक आमचा.

पंप ओसरीत तसाच उभा होता. कोणी हात लावेना. शेवटी सूनबाईनेच, म्हणजे पुतण्याच्या बायकोने, तो तीन पाण्याने धुतला आणि मालकाकडे नेऊन दिला, कारण पंप मालकाचा होता.

मूठमातीला आठ दिवसही झाले नव्हते. मी पानठेल्यासमोरून जात होतो, तर एक जण म्हणाला, "काहो, तुमचा येशू तं मेलेल्याले उठोते म्हन्ते. मंग याले काऊन नाई उठोलं?" चार जण हसले. बोलणारा पुतण्याच्याच वर्गातला. आता हेही लिहिलं पाहिजे की दवाखान्यातून प्रेत आणायला गाडी त्यानेच लावली होती आणि डिझेलचे पैसे घेतले नव्हते. गाव असंच असतं. खांदाही देतं आणि टोमणाही मारतं, कधीकधी एकाच आठवड्यात.

मग तुम्ही आलात. पहिले पाळक म्हणाले, सोसवेल त्यापलीकडे देव परीक्षा होऊ देत नाही. सूनबाई आत भाकरी टाकत होती, तिला ऐकू गेलं, ती काही बोलली नाही. दुसरे एक सुवार्तिक बाहेरगावाहून आले. त्यांच्या मते यामागे देवाचा काही मोठा हेतू होता. तिसरे संजीवन सभेत, माईकवर. ज्या घरात अकाली मरण येतं त्या घरच्या विश्वासात कुठेतरी फट असते, असं त्यांचं म्हणणं. नाव त्यांनी घेतलं नाही. पण मांडवातल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. सूनबाई मांडीवरच्या पोरीच्या वेणीचं रिबन सोडून पुन्हा बांधत बसली होती. दोनदा बांधलं, तिसऱ्यांदा सोडलं.

वेचणीला आम्ही दोघं शेजारच्या ओळीत होतो. बोंडाची वाळलेली टोकं बोटात घुसतात, म्हणून वेचताना कोणी फार बोलत नाही. मध्येच ती म्हणाली, "मोठे बाबा, पानठेल्यावरचा अन् माईकवरचा एकच गोष्ट बोलले नाई का?"

मी म्हटलं, कसं काय?

"दोघायचंबी म्हननं हेच, का देवाचा मानूस असता तं मेला नसता."

मी वेचायचा थांबलो. बापाचं सगळं शास्त्र डोक्यात असून मला हे दिसलं नव्हतं.

मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय काढून बघा. जाणारे-येणारे माना डोलवून म्हणतात, देवाचा पुत्र असशील तर वधस्तंभावरून खाली उतर. मुख्य याजक आणि शास्त्री म्हणतात, याने दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवता येत नाही. शेजारी टांगलेले लुटारूही तीच री ओढतात. तीन टोळकी, एकच टोमणा: देवाचा असशील तर दुःखातून बाहेर येऊन दाखव. 'देवाचा पुत्र असशील तर' हे शब्द मत्तयाने त्याआधीही एकदा लिहिले आहेत, चौथ्या अध्यायात, रानात. तिथे ते सैतानाच्या तोंडी आहेत. या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव, मंदिरावरून उडी मारून दाखव.

म्हणजे 'विश्वास ठेवा, मग तुमच्या घरी असं होणार नाही' हे वाक्य शास्त्रात आहे खरं. फक्त ते कोणाच्या तोंडी आहे ते पाहून मग माईक हातात घ्यावा. हे मी रागाने लिहीत नाही असं लिहिणार होतो, पण थोडं रागानेच लिहितोय.

लेकरं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र तुम्हाला माहीत आहेत. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तिथवर त्यांनी सगळं बरोबर केलं. तोंड उघडल्यावर बिघडलं. तुझं काही चुकलं असेल, देव अन्याय करत नाही, असं पानंच्या पानं. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. जन्मांधाला पाहून शिष्यांनीही विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारलं आणि त्याच्या डोळ्यांना लावायला चिखल कालवायला घेतला.

दुसरी एक गोष्ट तुमच्या लक्षात येत नाही, का येऊनही सोडून देता, मला ठाऊक नाही. 'देवाचा हेतू' म्हटलं की जमिनीवरचं सगळं त्याखाली झाकलं जातं. पुतण्याच्या नाकाला साधा रुमाल होता, कारण मुखवटा-चष्मा कोणी दिला नव्हता. वारा सुटलाय, आज राहू द्या, असं म्हटलं असतं तर रोज बुडाला असता, म्हणून तो म्हणाला नाही. डब्यावरची अक्षरं एवढी बारीक की ती वाचायला माझा चष्मासुद्धा पुरला नाही. ही कारणं माणसांनी केलेली आहेत. ती देवाच्या खात्यावर टाकून आपण मालकाला, कंपनीला, सरकारला आणि स्वतःलाही मोकळं करतो. खजिनदार म्हणून सांगतो, हा हिशेब चुकीचा आहे.

मग दुःखाला अर्थच नाही का, असं तुम्ही विचाराल. मला जे दिसलं ते सांगतो, पण त्यासाठी पोळ्याच्या पाडव्यापर्यंत यावं लागेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबतीचा पुतळा काढतात. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, मिरवणुकीत बडगे असतात, पुढाऱ्यांची टिंगल करणारे पुतळे. आमच्या गावात एवढा थाट नाही. पोरं पहाटे उठून काटक्या-पाल्याची मारबत ओढत नेतात आणि ओरडतात, 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!' गावातला खोकला, ताप, ढेकूण, भांडणं, सगळं तिच्या माथी मारायचं, शिव्या द्यायच्या आणि वेशीबाहेर नेऊन टाकायचं. मला घरून मनाई होती. मी तरी जायचो. ओरडायला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

रोमी शिपायांनी त्या सकाळी काय केलं? एका मार खाल्लेल्या माणसाला राजाच्या रंगाचा झगा चढवला, डोक्यावर काट्यांचा मुगुट, हातात वेत, आणि गुडघे टेकून 'यहुद्यांच्या राजा, नमस्कार!' बडग्याच केला त्यांनी त्याचा. आपल्या मंडळीत उत्तम शुक्रवारच्या देखाव्यासाठी पोरं बाभळीच्या काट्यांचा मुगुट करतात, तेव्हा पाहिलंय का, येशू व्हायला कोणी तयार नसतं आणि शिपाई व्हायला भांडणं होतात. शिपायाला हसायला मिळतं ना.

आणि मग इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातला शब्द. येशूने 'वेशीबाहेर' मरण सोसलं, म्हणून आपणही त्याची अप्रतिष्ठा सोशीत बाहेर त्याच्याकडे जाऊ या. भाषांतर करणाऱ्याने शहराच्या दरवाजासाठी हा शब्द सहज वापरला असेल. पण मराठीत वेशीबाहेर म्हटलं की आमच्यासारख्यांना जेरुसलेमचा नकाशा दिसत नाही, आजोबांची वस्ती दिसते. चोखोबा आपल्याच बुलढाण्यातल्या मेहुणा राजाचे म्हणतात. मंगळवेढ्याला गावकुसू बांधताना ते कोसळून त्याखाली गेले. ज्या भिंतीच्या आत त्यांना जागा नव्हती तीच बांधताना.

मला दिसलं ते एवढंच, की गावाने ज्याच्या माथी ईडापिडा लादली त्याच्या रांगेत तो जाऊन उभा राहिला, आणि खाली उतर म्हटल्यावर उतरला नाही. पुतण्या का गेला याचं उत्तर यातून निघत नाही. पण मांडवात माना वळल्या तेव्हा सूनबाई कोणाच्या शेजारी बसली होती, ते कळतं. ती एकटी नव्हती. एकटे आपण होतो, वळलेल्या मानांचे.

आता टिंगलीबद्दल. 'पोटासाठी बाटलेले' हा आमच्या घराला जुना टोमणा आहे. मी लहान असताना आजा यावर चवताळायचा. हळूहळू मला कळलं की गोष्ट खरी आहे. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं रस्त्याच्या कडेला मेली. आज्याचा बाप सहा-सात वर्षांचा, त्याला आपलं गावही नीट सांगता येत नव्हतं, मिशनच्या अनाथाश्रमात तो वाचला. ताटलीत अन्न पडलं तेव्हा तो वाचला, आणि ज्यांनी वाढलं त्यांच्या देवाला त्याने देव म्हटलं. हो, पोटासाठी. ज्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे रोज मागतात ती प्रार्थना शिकलेल्या माणसाला पोटाची लाज का वाटावी? आता कोणी तसं म्हणालं तर मी म्हणतो, बरोबर आहे भाऊ, फार भूक लागली होती त्याला. मग समोरच्याला पुढे बोलता येत नाही. त्याच्याही घरात त्या दुष्काळाची एखादी गोष्ट असतेच.

(पोटासाठी म्हणता, तर मिळालं काय तेही ऐका. 1950 च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीत धरत नाहीत. शिखांचा समावेश 1956 साली झाला, बौद्धांचा 1990 साली, आमचा नाही. कागदावर आमची जात गेली, विहिरीवर ती राहिली. फायद्याचा सौदा म्हणावा असं काही मला यात दिसत नाही.)

पण प्रत्येक टिंगल ही आपली वधस्तंभावरची शिल्लक नव्हे. पेत्राच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाजू नका, हे सोळावं वचन आपण पाठ करतो. त्याच्या आधीचं पंधरावं कोणी वाचत नाही. तिथे लिहिलंय की खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख सोसू नये. ढवळाढवळ चोराच्या रांगेत आहे, बघून घ्या. रात्री अकरापर्यंत भोंगा लावला आणि शेजाऱ्याने शिवी दिली, तर तो छळ नव्हे, ती तक्रार आहे. साखरेच्या पेशंटला गोळ्या बंद करायला सांगून वर तेल लावलं, तो दवाखान्यात गेला आणि गाव हसलं, तर गाव बरोबर हसलं. नाताळात पाच किलो तांदूळ देताना म्हाताऱ्यांचे फोटो काढले आणि कोणी 'तांदूळवाले' म्हणालं, तर फोटो काढणं थांबवा. गावाने नावं ठेवली की आधी घरात येऊन बघायचं, ते खरं आहे का. खरं असेल तर दुरुस्त करायचं. खोटं असेल तर मग प्रभूचं नाव घ्यायचं.

तसं 'ख्रिस्ती' हे नावसुद्धा आपण घेतलेलं नाही. अंत्युखिया शहरात लोकांनी ठेवलं, प्रेषितांच्या कृत्यांत अकराव्या अध्यायात आहे. सगळ्या नव्या करारात हा शब्द तीनदाच येतो, आणि त्यात चिडवण्याचा सूर ऐकू येतो. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर 1857 साली एक भिंत सापडली. कोणा टवाळाने तिच्यावर गाढवाचं डोकं असलेला माणूस वधस्तंभावर टांगलेला कोरलाय, खाली हात वर करून उभा एक पोरगा, आणि शब्द: अलेक्सामेनोस देवाला भजतो. वधस्तंभावरच्या प्रभूची जी सर्वांत जुनी चित्रं उरली आहेत त्यात हे टिंगलीचं चित्र आहे. जवळच्याच दुसऱ्या खोलीत कोणीतरी लिहून ठेवलंय: अलेक्सामेनोस, विश्वासू. भांडण नाही, खुलासा नाही. एकच शब्द वाढवलाय.

शेवटी माझ्या वाट्याच्या शब्दाकडे येतो. 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी.' मार्काने शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलं, पण हे वाक्य प्रभूच्या घरच्या बोलीत ठेवलं. मला ते समजतं. पुण्या-मुंबईकडे आपली वऱ्हाडी ऐकून हसतात, तशी गालीली बोलीही ओळखू यायची. पेत्र अंगणात शेकत होता तेव्हा त्याच्या बोलण्यावरूनच तो पकडला गेला. माणूस शिकतो, पुस्तकी बोलायला लागतो, पण विंचू चावला की घरचीच भाषा निघते. माझ्या पुतण्याने शेवटच्या रात्री 'माय वं' म्हटलं होतं, आणि त्याची माय जाऊन अकरा वर्षं झाली होती. प्रभूच्या त्या आरोळीचीही माती झाली. 'एलोई' ऐकून उभ्या असलेल्यांना वाटलं, हा एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय. बघू, एलीया येतो का उतरवायला. शेवटपर्यंत कोणाला धड ऐकूही आलं नाही, आणि त्यावर वरून उत्तर आल्याचं मार्क लिहीत नाही.

जिथे देवाने उत्तर दिल्याचं लिहिलेलं नाही तिथे मी पंधरा मिनिटं देऊ, हे मला जमणार नाही. आणि मागच्या वर्षी कोणीतरी सुचवलं होतं की सूनबाईने साक्ष द्यावी, लोकांना बळ मिळेल. तिला ते विचारू नका. तिच्याकडून काही उभारणी करून घ्यायची असेल तर तिच्या घराच्या मागच्या भिंतीची करा, पावसात ती ओल धरते.

माझी वेळ मात्र दुसऱ्या कोणाला देऊ नका. मी उठेन, ते एक वचन वाचेन आणि बसेन. पेटी वाजवू नका. सूनबाई बायकांच्या सतरंजीवर मागे, भिंतीला टेकून बसते, वेचणीने तिची पाठ धरली आहे. तिच्याकडे बघू नका. कोणाला खोकला आला तर खोकू द्या, पोरं उठून बाहेर गेली तर जाऊ द्या. पानठेल्यावरचं गाणं आत येईल, खिडक्या लावू नका. वेळ संपली की पाचवा शब्द ज्यांच्याकडे आहे त्यांनी उठावं. तो 'मला तहान लागली आहे' हा आहे. ऊन तापलेलं असेल. माठ भरून ठेवायचं काम यंदाही माझ्याकडेच असू द्या.

आपला,
मंडळीचा खजिनदार
तालुका कळंब, जिल्हा यवतमाळ